गावात कोण काय करायचं: कोकणातल्या गावाच्या जुन्या धंद्यांची नोंद कशी करावी

गावाचं पुस्तक काढायचं ठरलं की ग्रामदैवत, मानकरी, शिमगा ही प्रकरणं भराभर तयार होतात आणि धंद्यांचं प्रकरण एका वाक्यात आटपतं: 'पूर्वी गावात बारा बलुतेदार गुण्यागोविंदाने नांदत.' हे वाक्य आधी खोडा. बारा बलुत्यांची भरलेली चौकट ही घाटावरच्या मोठ्या, एकगठ्ठा वसलेल्या गावांची. कोकणात वाड्या विखुरलेल्या आणि गाव लहान. एकच सुतार दोन-तीन गावांना पुरायचा, मडकी शेजारच्या गावातून यायची, आणि खाडीकाठची कितीतरी कामं बलुत्याच्या हिशेबात कधी बसलीच नाहीत. गुण्यागोविंदाचं म्हणाल तर खोत (गावचा सारा गोळा करून सरकारला भरणारा) आणि कुळांचे खटले बघून मग ठरवावं.

इथे सांगितलेली पद्धत साधारण १८४० ते १९१० या काळासाठी आहे. तिचं सूत्र एवढंच की नोंद जातवार करायची नाही, घरवार आणि महिन्यावार करायची.

विलायतेतल्या खेड्याचं काम कसं चालतं

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं (१८३७–१९०१) इंग्लंडमधलं खेडं अभ्यासणाऱ्याला कागद आयते मिळतात. तिकडे पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द, आणि कारभाराचा घटकही तोच. त्या चर्चच्या वहीत १८१३ पासून प्रत्येक बाप्तिस्म्यासोबत बापाचा धंदा लिहिलेला असतो. १८३७ पासून लग्नाच्या नोंदीत वर, वधू आणि दोघांचे बाप यांच्या धंद्यांचे रकाने आहेत. १८४१ पासूनच्या जनगणनेच्या घरवार याद्या जपलेल्या आहेत, आणि १८५१ पासून त्यांत नेमकं वय, कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगावही येतं. १८३६ च्या कायद्याने चर्चचा दशमांश पैशात बदलला, त्यासाठी शेत न् शेत मोजून नकाशे केले. त्यांत मालक कोण, कसणारा कोण, जमिनीत काय आहे हे सगळं सापडतं. शिवाय छापील व्यापारी निर्देशिका: लोहार, चाकं करणारा, दुकानदार, दारूगुत्तेवाला.

एवढं असूनही चित्र फसवं निघतं, आणि कोकणात काम करणाऱ्याने पाहायचं ते हेच. १८४१ ची गणती ६ जूनला झाली. पुढच्या १९०१ पर्यंतच्या सगळ्या मार्च अखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा एवढ्यात. म्हणजे कापणीची धांदल, हिवाळ्यातली मळणी, कुंपणं बांधणं, यांतलं काही यादीत येत नाही. छपरं शाकारणारा, नांगर धरणारा आणि मेंढ्या कातरणारा असे तिघेही 'शेतमजूर' या एकाच शब्दात बसवलेले. बायकांच्या रकान्यात बहुतेक वेळा काहीच नसतं, मग ती घरी धुणी घेत असो वा शेतात खुरपत असो. निर्देशिकेत फक्त मालक दिसतात, त्यांच्या हाताखालचे गडी दिसत नाहीत. म्हणून तिथले जाणकार एका कागदावर विसंबत नाहीत. एकाच माणसाला तीन कागदांत शोधतात, आणि तिन्हीकडे धंदा वेगळा निघाला तर तिन्ही खरे धरतात.

आपल्याकडचे कागद

मुंबई इलाख्याची पहिली सर्वव्यापी जनगणना २१ फेब्रुवारी १८७२ ला झाली. पुढच्या १७ फेब्रुवारी १८८१ आणि २६ फेब्रुवारी १८९१ ला. घरवार याद्या मात्र उरल्या नाहीत, छापील तक्ते तेवढे आहेत. म्हणून 'आमच्या पणजोबांची १८८१ ची नोंद' शोधण्यात वेळ घालवू नका. तक्ते वाचतानाही फेब्रुवारी महिना ध्यानात ठेवा: भात झोडून झालेलं असतं आणि हाती-पायी धड असलेले बाप्ये मुंबईला असतात. त्या आकड्यांत गावचा निम्मा धंदा गैरहजर आहे.

गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेले जिल्हावार माहितीचे ग्रंथ, जरूर वाचा, पण योग्य खंड घ्या. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा दहावा खंड १८८० चा, म्हणजे त्यातली लोकसंख्या १८७२ ची. कुलाबा आणि जंजिऱ्याचा अकरावा १८८३ चा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ले जुन्या रत्नागिरीत शोधायचे आणि सावंतवाडीकडची गावं संस्थानाच्या भागात. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. पण मुरूड-श्रीवर्धनकडे जंजिऱ्याचं राज्य १९४८ पर्यंत होतं, त्यामुळे तिथले कागद वेगळ्या वाटेने गेलेले असतात. मुरूड दोन आहेत हे विसरू नका, एक जंजिऱ्याचं आणि एक दापोलीचं. गॅझेटियरमधली इंग्रजी स्पेलिंगं आजच्यासारखी नाहीत, म्हणून संगणकावर शोधताना गावाचं नाव चार-पाच तऱ्हांनी टाकून पाहा.

गॅझेटियरचा मोठा दोष असा की ते जातींची यादी देतं आणि प्रत्येकीपुढे एक धंदा लिहितं. गावच्या पुस्तकांतलं धंद्यांचं प्रकरण बहुधा तिथूनच उतरवलेलं असतं.

खरा माल तालुक्याच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. सातबारा आणि फेरफार विसाव्या शतकातले. त्याआधीसाठी मूळ मोजणीचे कागद मागा. रत्नागिरीकडच्या खोती गावासाठी नाव घेऊन मागायचा कागद म्हणजे बोटखत. १८८० च्या खोती कायद्यात त्याला जागा आहे. कुठल्या जमिनीवर कोण कूळ, ते धारेकरी (फक्त सरकारी सारा भरणारं) आहे की कायम हक्काचं की उपरी (कायम हक्क नसलेलं), आणि खोताला देणं अर्धेलीने की तिर्धेलीने (पिकाचा अर्धा की तिसरा हिस्सा), हे त्यात कळतं. धंद्याच्या दृष्टीने यातली दोन ठिकाणं महत्त्वाची. एक, फार थोडी जमीन असलेली नावं: अर्धा एकर वरकसावर (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर) घर चालत नाही, त्या घरात दुसरं काम होतंच. दुसरं, ठिकाणांची नावं. 'चुनाभट्टी', 'घाण्याचं', 'मिठागर', 'कुंभारमाळ' अशी नावं कागदावर असतात आणि आज तिथे काजूची बाग असते.

जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, म्हणजे लोकांच्या बोलीत कोतवाल बुक, मोडी लिपीत आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात पुष्कळ वह्या स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या आहेत. अर्ज लिहायला बसण्याआधी तिथे पाहा. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने वाचता येतं. त्यात 'शाळा सोडल्याचं कारण' हा रकाना बोलका असतो. 'मुंबईस गेला', 'गुरांकडे' ही कारणं म्हणजे पोराचा पहिला धंदाच. १८९६ च्या प्लेगनंतरच्या एक-दोन वर्षांत मुंबईची माणसं गावी पळून आली, त्यामुळे त्या काळात पट आणि मृत्यू दोन्ही अचानक वाढलेले दिसू शकतात. त्या वर्षांवरून नेहमीची स्थिती ठरवू नका.

मोडी येत नसेल तर सगळं वाचून घेण्याच्या फंदात पडू नका. आधी फोटो: कागद सपाट, उजेड बाजूने, पानाच्या चारही कडा चौकटीत, शेजारी पट्टी. मग जाणकाराकडून फक्त नाव, जात, धंदा, ठिकाण आणि तारीख एवढं वाचून घ्या. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून नावांबद्दल शंका राहिली तर ती तशीच लिहून ठेवा. आकड्यांपुढच्या उभ्या रेघा म्हणजे पाव, अर्धा, पाऊण: १२॥ म्हणजे साडेबारा. या रेघा १ समजून वाचल्या की साडेबाराचे बाराशे अकरा होतात.

जुने सन इसवीत बदलून घेताना पुढचं पाळा. शकात ७८ मिळवा, जानेवारी ते पाडवा एवढ्या काळासाठी ७९. आपल्याकडच्या फसलीत (सारावसुलीच्या सनात) ५९० मिळवा, पण फसली वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे साठी ५९१. फसली १२८५ म्हणजे जून १८७५ ते मे १८७६. जुन्या कागदांवर अरबी शब्दांत लिहिलेला सुरसन असेल तर ५९९, आणि जानेवारीनंतर ६००. उत्तर हिंदुस्थानातला फसलीचा हिशेब वेगळा आहे. इंटरनेटवरचं तयार कोष्टक तिथलं निघालं तर दोन-तीन वर्षांची चूक होते.

मापांचं रूपांतर किलोत करू नका. पायली चार शेरांची आणि खंडी वीस मणांची हे बहुतेक जुळतं; मण किती पायल्यांचा हे गावोगाव बदलतं. 'दोन मण भात' असं लिहिलं असेल तर दोन मणच लिहा. मोजणीआधी जमीन बिघ्या-पांडांत आहे, वीस पांडांचा बिघा. नंतर एकर, ४० गुंठे, आणि गुंठ्याचे १६ आणे. रुपयाचेही आणे १६, आण्याच्या पै १२. 'चार आणे' जमिनीचे की पैशाचे हे रकान्याच्या मथळ्यावरून ठरवा.

वर्षाचा फिरता धंदा

कागद हातात आले की एक कोरा तक्ता आखा: उभे बारा महिने, आडवी कामं. आपल्या गावापुरता तो भरून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. ढोबळ रूप असं.

मृगापासून श्रावणापर्यंत पेरणी आणि लावणी. समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत बंद. खलाशी, तांडेल, मचव्यांवरचे गडी या दिवसांत शेतावर. आश्विन-कार्तिकात कापणी, मग झोडणी. दिवाळीनंतर होड्या जोरात, आणि मुंबईची वाट धरणारे जातात. काही शिमगा करून जातात. थंडीत कवळ (झाडांच्या डहाळ्या) तोडणं, पुढे भाजावळ, म्हणजे तो शेतात पसरून जाळणं. फाल्गुन ते वैशाख हा धंद्यांचा खरा मोसम: चिरे काढणं, चुना भाजणं, घरबांधणी, शाकारणी, कौलं, मीठ, मासे सुकवणं, सोलं आणि आमसुलं. वायंगणी (उन्हाळी) भात असलेल्या गावात याच्यावर आणखी एक शेतीचा थर येतो.

तक्त्यावरून लगेच दिसतं की सुतार जूनमध्ये सुतार नसतो. नांगर-जोखडांची दुरुस्ती मृगापूर्वी उरकून तोही चिखलात उतरतो. आणि ज्याला कागद 'कुणबी' म्हणतो तो मे महिन्यात चिरेखाणीवर असतो.

जमिनीवरचा पुरावा

हे काम पाऊस संपून गवत वाळल्यावर, डिसेंबरच्या पुढे करावं. सोबत वाडीतला जाणता माणूस, फीतपट्टी, आणि फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपायची सोय.

चिरेखाण सहज सापडते. हाताची की यंत्राची ते ओळखायचं कसं? यंत्राच्या गोल पात्याच्या सारख्या अंतराच्या, कमानीसारख्या रेषा कातळावर राहतात. हाताने काढलेल्या खाणीत तिरके, तुटक, वेगवेगळ्या खोलीचे घाव असतात. तीन-चार घावांची लांबी मोजा, न काढलेल्या अर्धवट चिऱ्याची लांबी-रुंदी-जाडी मोजा, आणि गावातल्या जुन्या घराच्या जोत्यातल्या चिऱ्याशी ताडून पाहा. माप जुळलं तर ते घर त्याच खाणीचं असण्याची शक्यता धरता येते. पण 'शक्यता' एवढंच लिहावं. जांभा काढल्यावर उघड्यावर ठेवला की कठीण होतो, म्हणून खाणीशेजारी चिरे रचून ठेवायची सपाट जागा शोधा. तीही धंद्याचीच जागा.

चुनाभट्टीचं लक्षण खाडीकाठचा पांढुरका, ठिसूळ थर. कालवं आणि तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग सगळ्याच खाडीकाठी असतो, तेवढ्यावर भट्टी ठरवू नका. भाजलेले शिंपले बोटांत चुरले की पूड होते, सोबत कोळशाचे तुकडे आणि भाजून लाल झालेला दगड दिसतो. शिंपले आणि जळण यांचे थर आलटून पालटून लावायचे, भाजून झाल्यावर पाणी मारून चुना फोडायचा, अशी ती रीत. मग विचारायचं ते असं: शिंपले कोण वेचायचं? उत्तर जवळजवळ नेहमी बायका आणि पोरं, आणि तो धंदा एकाही कागदात नसतो.

तेलाच्या घाण्याचे लाकडी भाग बहुधा जळणात गेलेले. उखळ दगडी असली तर ती गोठ्यात गुरांच्या पाण्याला लावलेली सापडते. तिचा वरचा व्यास, खोली आणि आतली घासलेली बाजू नोंदवा. घाण्यात काय जायचं हे वेगळं विचारा, कारण खोबऱ्याखेरीज उंडीच्या बियांचं तेल दिव्याला लागायचं, आणि रॉकेल गावोगाव पोचल्यावर उंडीला गिऱ्हाईक राहिलं नाही. खाडीच्या कडेला सोडणं कुजवायचे खड्डे असतील तर तेही मोजा. नारळाची सोडणं कित्येक महिने चिखलात ठेवून, बडवून, त्याचा काथ्या आणि सुंभ वळणं हा घरबसल्या चालणारा उद्योग. बायकांचा, म्हणून पुन्हा बिनरकान्याचा. भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) काढणं, पोहे कांडणं हेही याच हिशेबात घ्या.

माडी काढणाऱ्यांसाठी माडांवर काही सापडणार नाही. तेवढे जुने माड उरत नाहीत. पण १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर हा धंदा परवान्यात आणि झाडामागच्या करात अडकला, तेव्हा घरात जुनी पावती, परवाना आहे का हे भंडारवाड्यात विचारा. पोय (माडाचा न उमललेला फुलोरा) बांधून, ठोकून, रोज कापत राहिलं की रस सुटतो आणि त्या पोयीला नारळ धरत नाही. म्हणून माड कुणाचा, माडी कोण काढतो आणि मालकाला काय मिळतं, हे तीन प्रश्न स्वतंत्र विचारावे लागतात.

माणसांकडून

आज पंच्याऐंशीच्या आजी १९४० च्या सुमाराच्या. त्यांना गोष्टी सांगणारी त्यांची आजी १८८०-९० ची. म्हणजे आठवण जेमतेम आपल्या काळाच्या शेपटाला पोचते. १८५० चं काही तोंडी मिळालं तर ते दंतकथा म्हणून वेगळं ठेवा.

'तुमचा पूर्वी धंदा काय?' हा प्रश्न कुचकामी. त्याचं उत्तर जात येतं, किंवा 'शेती' येतं. त्याऐवजी असं विचारा: आजी, पावसाआधी घरात कसली घाई असायची? लावणीला कोण यायचं आणि त्याला काय द्यायचे, भात की पैसे? नांगराचा फाळ कुठे शेवटायला (धार काढायला) न्यायचे? बाळंतपणाला कोण यायची? मीठ कुठून यायचं, घाटावरून बैल कधी उतरायचे, परत जाताना काय न्यायचे? मनीऑर्डर यायची का, आणि पोस्ट कुठल्या गावाला होतं? (मनीऑर्डर डाकखात्याने १८८० ला सुरू केली, त्याआधी मुंबईचा पैसा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून यायचा.) शिमग्यात माड कोण तोडायचा, मशाल कुणाकडे, ढोल कुणाचा? मान म्हणून जे सांगितलं जातं त्यात जुनं काम दडलेलं असतं.

सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं की एकच आवाज ऐकू येतो, आणि तो बहुधा वरच्या आळीचा असतो. प्रत्येक वाडीत त्या वाडीतल्याच माणसाने जाऊन विचारावं. बौद्धवाडीतली कामं खोताच्या ओटीवर बसून लिहिलेली ग्राह्य धरू नयेत. तिथे वतनाच्या कामांबरोबर सैन्यातली नोकरीही विचारा. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव, वडील रामजी सुभेदार होते. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेली घरं दापोली-मंडणगडकडे आणखीही सापडतात. पेन्शनीचे कागद असतील तर गावातल्या सगळ्यांत पक्क्या तारखा तिथे मिळतील.

घराचा कागद

प्रत्येक घराला एक पान. नमुना, काल्पनिक:

घर: खालची वाडी, विहिरीच्या वरचं, आता जोतं शिल्लक. काळ: अंदाजे १८८५–१९०५.
जून–नोव्हेंबर: अर्धेलीचं भात, घरातली बाई दुसऱ्याच्या लावणीला, मजुरी भातात.
डिसेंबर–फेब्रुवारी: मोठा मुलगा मुंबईस, बाप कवळ तोडतो.
मार्च–मे: बाप चिरेखाणीवर; बायका सुंभ वळतात, विक्री बंदरावर.
पुरावा: बोटखत (जमीन, अर्धेल), शाळेचं रजिस्टर (मुलगा), सुंभाबद्दल फक्त तोंडी, एकाच व्यक्तीकडून.
जुळत नाही: मृत्यूच्या नोंदीत बापाचा धंदा 'शेती' एवढाच.

शेवटची ओळ कधीही गाळू नका. तिथे काही नसेल तर बहुधा तुम्ही एकच कागद पाहिलेला आहे. आडनाव सुतार म्हणून धंद्यात सुतार लिहिणं ही सर्रास होणारी चूक याच ओळीत पकडली जाते.

पन्नास-साठ पानं झाली की ती वाडीवार न लावता महिन्यावार लावून बघा. मे महिन्यात किती घरं खाणीवर, किती होडीवर, किती मुंबईत, हे मोजता येतं, आणि धंद्यांचं प्रकरण त्या क्रमाने लिहिता येतं. घरांची संख्या थोडी असेल तर टक्केवारी काढू नका. 'साठातली चौदा' असंच लिहा.

छापण्याआधी मसुदा वाडीवाडीत वाचून दाखवा. कर्ज, खटले, दुसरं लग्न, अपमानास्पद जुनी नावं यांतलं जे धंदा समजायला लागत नाही ते काढा. जे लागतं ते त्या घराला विचारून ठेवा. वाचताना प्रत्येकाच्या हातात पेन्सिल द्या आणि रुंद समास सोडा. गणपतीत वाचलं तर मुंबईकरही भेटतात, पण गडबड फार; मे महिन्यातली संध्याकाळ बरी. दुरुस्त्या आल्यावर मूळ ओळ खोडू नका, शेजारी दुसरी लिहा आणि कुणी सांगितलं ते टाका. मूळ पानांची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडे ठेवावी. कपाटाला वाळवी लागते, आणि पेन ड्राइव्ह तर पाच वर्षांत कुणाच्या खिशात गेला ते कळत नाही.